अपात्र माणसाचं तारण

कास्तकाराच्या आत्महत्येचं प्रकरण सरकारी समितीपुढे जातं तेव्हा त्याच्यावर शेवटी दोनपैकी एक शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. सातबारा कुणाच्या नावे होता, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं पाहिलं जातं. जुळलं तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात, नाही जुळलं तर काही नाही. कर्ता माणूस दोन्ही घरांतून सारखाच गेलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात हे दोन शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत.

मुकुटबन याच जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात आहे. वणीहून दक्षिणेला निघालं की पऱ्हाटीची वावरं लागतात, कोळसा आणि चुनखडीचा पट्टा लागतो, अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा मोठा कारखाना दिसतो. आणखी खाली पैनगंगा, आणि नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर पडते. आसपास कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. इथं ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलायचं तर देव आहे की नाही या प्रश्नापासून सुरुवात करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजू पुष्कळ वेळा मांडून झाल्या आहेत. इथला प्रश्न तारणाचा आहे. कोण वाचतं, कोण वाचत नाही, आणि ते ठरवतं कोण? ज्या मुलखात मेलेल्या माणसाचीही पात्रता तपासली जाते, तिथं हा प्रश्न पुस्तकात राहत नाही, घरात येतो.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी रचली आहेत. एक निवृत्त गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांसमोरच्या गर्दीत होते. गुरुजी देव मानत नाहीत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तरुणपणापासून आहेत. दुसऱ्या निवृत्त परिचारिका, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्यांचं आयुष्य मिशनच्या दवाखान्यात गेलं. त्यांच्या आजीला १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमानं वाढवलं होतं. माणसं रचलेली असली तरी त्यांचे प्रश्न या भागातले आहेत.

गुरुजी : सिस्टर, सरळच विचारतो. तुमच्या मंडळीत शिकवतात की जो विश्वास ठेवतो तो तरतो आणि जो ठेवत नाही त्याचा नाश होतो. मग ही पात्र-अपात्रची समितीच झाली ना जी? अध्यक्ष फक्त बदलला.

सिस्टर : नाही जी गुरुजी, अगदी उलटं आहे. समितीपुढे माणसाला पात्र ठरावं लागतं. आमची शिकवण सुरूच इथून होते की पात्र कुणी नाही. मी नाही, पाळक नाही, बिशपही नाही. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सगळा भर त्याच्यावर आहे. काम करून मिळते ती मजुरी. हक्क नसताना मिळते ती कृपा. येशू वधस्तंभावर होता तेव्हा शेजारी एक गुन्हेगार होता. त्यानं आयुष्यात काय चांगलं केलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच्याजवळ बाप्तिस्मा नव्हता, दानधर्म नव्हता, उपासना नव्हती. त्यानं फक्त एवढंच म्हटलं की माझी आठवण ठेव. आणि त्याला त्याच दिवसाचं वचन मिळालं.

गुरुजी : त्याला निदान मागता तरी आलं. तो शेजारी होता म्हणून. ज्याच्यापर्यंत हे नावच पोचलं नाही त्याचं काय? इथल्या पोडावरच्या एखाद्या कोलामाचा खापरपणजोबा घ्या. त्याच्या हयातीत या भागात एकही मिशनरी आलेला नव्हता. जंगलात राहिला, कुणाचं लुबाडलं नाही, मेला. तुम्ही म्हणता कृपा फुकट आहे. पण तिच्यासाठी विश्वासाचा अर्ज भरावा लागतो, आणि अर्ज त्याच्या गावात आलाच नाही.

सिस्टर : हा प्रश्न मी लहान असताना पाळकांना विचारला होता. ते म्हणाले, देव न्यायी आहे, त्याच्यावर सोड बाई. माझं काही समाधान झालं नाही. पुढे वाचत गेले. पौलच लिहितो की ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं आणि त्यांचं मनच त्यांची साक्ष देतं. आमची मंडळी जॉन वेस्लीच्या परंपरेतली. वेस्लीनं शिकवलं की माणसानं देवाचं नाव घेण्याआधीच देवाची कृपा त्याच्या आत काम करत असते, आणि ती सगळ्यांमध्ये असते. तुमच्या कोलाम बाबानं लुबाडलं नाही ना? मग ती कृपा तिथं होती, असं मी मानते. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६४मध्ये लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे सद्‌सद्विवेकाला धरून जगले, त्यांचं तारण होऊ शकतं.

गुरुजी : १९६४! आणि त्याच्या आधी? फ्लोरेन्सच्या परिषदेनं १४४२मध्ये काय ठरवलं होतं तेही सांगा. चर्चबाहेरचे सगळे, मूर्तिपूजक असोत, यहुदी असोत, की चर्चपासून फुटलेले असोत, अनंतकाळच्या आगीत जाणार. पाचशे वर्षं आयांनी, बापांनी, लेकरांनी ते भय उराशी बाळगलं. या दोन परिषदांच्या मधे देव बदलला की तुम्ही बदललात?

सिस्टर : आम्ही बदललो.

गुरुजी : मग ज्यांनी तुम्हाला बदलायला लावलं त्यांचे आभार माना. प्रश्न विचारणाऱ्यांचे.

सिस्टर : मानते ना. पण ते सगळे बाहेरचे होते असं समजू नका.

इथे मला मधे बोलावंसं वाटतं. सिस्टर म्हणतात त्याला मराठीत मोठा पुरावा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं झाला. त्यानंतर लगेचच त्यांचा आणि ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या सिस्टर जेराल्डाइन यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. त्र्यैक्य त्यांना पटत नव्हतं. चर्च सांगतं म्हणून एखादं तत्त्व मान्य करायला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून कष्टानं सुटले ती दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. परक्या देशात, दुसऱ्यांच्या छताखाली, लहान मुलगी सोबत असताना एका विधवेनं हे लिहिलं. पुढं त्यांनीच सांगितलं की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी सापडला आणि ख्रिस्त कित्येक वर्षांनी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींमध्ये त्या राहिल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते १९२४मध्ये पूर्ण छापून निघालं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. श्रद्धावंत म्हणजे प्रश्न न विचारणारा, असं मानणाऱ्या आपल्या विवेकवादी मित्रांनी रमाबाईंची ती पत्रं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. तारणाच्या प्रश्नावर इतकं प्रामाणिक भांडण मराठी माणसानं क्वचितच केलं असेल.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. १८५७च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. विष्णुबुवा नास्तिक नव्हते, वेदांचे कैवारी होते. समोर बसणाऱ्यांत जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन होता, ज्यानं पुढे ते वाद पुस्तकरूपानं छापले. हा बोवेन तरुणपणी पक्का अविश्वासी होता. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं ती १८४४मध्ये वारली, आपलं बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली, आणि ते वाचताना तो बदलला. म्हणजे किनाऱ्यावर जो ख्रिस्ताची बाजू मांडत होता, त्याला नास्तिकाची बाजू आतून माहीत होती. मृत्यू माणसाला कोणत्याही बाजूला नेऊ शकतो. मी माझ्या जिल्ह्यात मृत्यूनंतर देवाकडे गेलेली घरं पाहिली आहेत आणि देवाची तसबीर उतरवून ठेवलेली घरंही पाहिली आहेत.

गुरुजींचा पुढचा प्रश्न वधस्तंभाचा होता.

गुरुजी : एकाचा गुन्हा, दुसऱ्याला फाशी. हा कुठला न्याय? आमच्या बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये फरक स्पष्ट केला आहे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. तो रस्ता दाखवतो, चालायचं आपण. तुमचा येशू म्हणतो, मीच तुझ्या जागी मरतो. यात माणूस लहान होतो, सिस्टर. त्याच्या हातून त्याची जबाबदारी काढून घेतली जाते.

सिस्टर : जबाबदारी काढून घेतली असती तर मी चाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्या नसत्या. पण तुमचा प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. आमच्याकडेही याचं एकच उत्तर नाही. अकराव्या शतकात अँसेल्म नावाच्या बिशपनं सांगितलं, की पाप म्हणजे देवाच्या मानाचं कर्ज, माणसाला फेडता येत नाही, म्हणून देव स्वतः माणूस होऊन फेडतो. पाळक बहुतेक असंच शिकवतात.

गुरुजी : म्हणजे देवालाही वसुली लागते.

सिस्टर : म्हणूनच मला ते उत्तर पुरत नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जाची भाषा ऐकली की माणसाच्या अंगावर काटा येतो. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत राजा कर्ज वसूल करत नाही, सोडून देतो. आणि ज्याचं मोठं कर्ज सुटलं तोच नोकर बाहेर जाऊन आपल्या लहान कर्जदाराचा गळा धरतो, तेव्हा राजाला राग येतो. उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बाप हिशेब मागत नाही, धावत जातो. अँसेल्मच्या मागोमाग आबेलार आला. तो म्हणाला, वधस्तंभावर देव कुणाचं देणं चुकवत नाही. आपलं प्रेम कुठवर जातं ते दाखवतो, आणि ते पाहून माणूस बदलतो. मी याच्या जवळची आहे.

गुरुजी : मग त्यासाठी माणूस मरायची गरज काय होती?

सिस्टर : माफी देणाऱ्याला किंमत पडते म्हणून. २००८ची कर्जमाफी आठवते? दोन हेक्टरच्या आतल्यांना पूर्ण, वरच्यांना थोडी. आपल्याकडच्या कोरडवाहू वावरांचा त्यात पुरेसा विचार नव्हता. पाच एकराच्या वर वावर आहे पण पाऊस नाही, असा कास्तकार पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. सावकाराचं कर्ज तर त्यात धरलंच नव्हतं. सरकारला माफीची मर्यादा घालावी लागते, कारण पैसा कुठून तरी आणायचा असतो. मर्यादा न घालता माफ करायचं तर देणाऱ्यानं स्वतःला द्यावं लागतं. वधस्तंभात मला ते दिसतं. तुम्हाला दिसत नाही, हे मला समजतं.

गुरुजी : मला एका चांगल्या माणसाचा खून दिसतो. रोमन सत्तेनं केलेला. आणि त्या खुनाला अर्थ देण्याची त्याच्या मित्रांची धडपड दिसते. त्या धडपडीचा मी अनादर करत नाही.

एवढ्यावर हा भाग थांबला. मला यात गुरुजींचं म्हणणं अधिक सरळ वाटतं, पण सिस्टरनी सांगितलेली कर्ज सोडून देणाऱ्या राजाची गोष्ट या जिल्ह्यात ज्या अर्थानं पोचते, त्या अर्थानं ती फार थोड्या ठिकाणी पोचली असेल.

धर्मांतराच्या जुन्या आरोपावर दोघांचं फार वेळ बोलणं झालं नाही. भाकरीसाठी बाटले, असं सिस्टरच्या आजीला जन्मभर ऐकावं लागलं होतं. सिस्टर म्हणाल्या, 'आजी म्हणायची, ज्यांनी भाकर दिली नाही त्यांनी हे बोलू नये.' गुरुजींनी मान्य केलं. मात्र बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली तक्रार त्यांनी समोर ठेवली, की ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही आणि परलोकाच्या आशेनं इथल्या अन्यायाशी लढणं मागे पडलं. सिस्टर म्हणाल्या, 'लग्न जुळवायच्या वेळी आमच्याकडेही जात विचारतात. हे पाप आहे आणि आम्ही त्याचा पश्चात्ताप केलेला नाही.' रोगमुक्तीच्या सभांवर तर दोघं एकाच बाजूला होते. प्रार्थनेनं साखर बरी झाली म्हणून औषध सोडलेला माणूस सिस्टरनी वॉर्डात पाहिला होता. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून कुणाला अडवणं हा गुन्हा ठरवतो. 'तो कायदा पाळकांनी मंडळीत वाचून दाखवायला पाहिजे,' असं सिस्टर म्हणाल्या. गुरुजींनी आठवण करून दिली की दाभोलकरांच्या समितीनं देव मानणाऱ्यांना कधी दार बंद केलं नव्हतं, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला केलं होतं.

मग विषय तिथं आला जिथं तो येणारच होता.

सिस्टर : आमच्या मंडळीतल्या एका बाईचा नवरा गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. बोंडअळीचं वर्ष होतं. दफनाच्या आधी बाहेरून आलेला एक उपदेशक पाळकांना म्हणाला की आत्मघातक्याला तारण नाही, कबरेवर आशेची वचनं वाचू नका. बाईनं ते ऐकलं.

गुरुजी : आणि तुम्ही म्हणता की ही समिती नाही!

सिस्टर : ऐका तर. मी त्या उपदेशकाला विचारलं, बायबलमध्ये हे कुठं आहे ते दाखवा. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडला. शमशोनानं खांब पाडले आणि स्वतःही मेला, तरी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे. यहूदाची गोष्ट आहे. पण आत्मघात क्षमेपलीकडचा आहे, असं वाक्य तिथं नाही. चर्चनं तो नियम पुढं बनवला, ऑगस्टीननं त्याला आधार दिला. कॅथलिकांच्या १९१७च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलेलं होतं. १९८३च्या कायद्यातून ते कलम गेलं. १९९२च्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर लिहिलं आहे की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये, कारण मनाचा मोठा आजार आणि भय माणसाची जबाबदारी कमी करतं, आणि देवाजवळ असे मार्ग आहेत जे आपल्याला माहीत नाहीत.

गुरुजी : आपला कायदाही त्याच वाटेनं गेला. ३०९ कलमाखाली जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता. वाचला तर पोलीस दारात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं म्हटलं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चाला, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. पण सिस्टर, हे बदललं कशानं? प्रार्थनेनं? डॉक्टरांनी, समाजशास्त्रज्ञांनी बदललं. दुर्खीमनं १८९७मध्ये दाखवलं की आत्महत्येची मुळं समाजात असतात. तुमचा देव विज्ञानाच्या मागून येतो आणि मग म्हणतो, मी आधीपासून इथंच होतो.

सिस्टर : तुम्ही म्हणता तसं झालं असेल. शिकवणाऱ्याकडून शिकण्यात मला कमीपणा वाटत नाही. आता मी विचारते. त्या बाईला तुम्ही काय सांगितलं असतं?

गुरुजी : खरं तेच. की तो कुठल्याही आगीत नाही. तो संपला आणि त्याचं दुःखही संपलं. त्याचा दोष नव्हता. कापसाला भाव नव्हता, बियाणं महाग होतं, अळी आली, कर्ज थकलं. १९८६मध्ये चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं तेव्हापासून आपण या जिल्ह्यात हेच पाहतो आहोत. त्यांच्या आठवणीत १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. मी तिला त्या दिवशी सोबत बस म्हटलं असतं. फाईल अपात्र झाली तर अपील करू म्हटलं असतं. परलोकाचं भय तिच्या डोक्यातून काढणं, हे मी तिच्यासाठी केलेलं सर्वांत मोठं काम झालं असतं.

सिस्टर : भय काढलं असतं हे खरं. पण ती मला वेगळंच म्हणाली. 'सकाळी मी त्याले लय बोलली. मले माफी मांगाची होती. आता कोणाले मांगू?' गुरुजी, तुमच्या जगात तो उरलेलाच नाही. तिनं कुणाला मागावी?

गुरुजी : लेकरांना. स्वतःला. आणि आपल्या सगळ्यांना, कारण आपण सगळेच त्याला वाचवू शकलो नाही. मी तिला खोटं सांगणार नाही की तो ऐकतो आहे. तिच्या दुःखाची एवढी तरी किंमत मी करतो.

सिस्टर : मी तिला सांगितलं की तू मागितलेली माफी वाया जात नाही. तो देवाच्या हातात आहे आणि देव ऐकतो. ती रडली आणि त्या रात्री झोपली. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. पण ते खरं आहे हे तुम्हाला सिद्ध करून दाखवता येणार नाही, हेही मला माहीत आहे.

या ठिकाणी मला माझं मत सांगितलं पाहिजे. आत्मघातक्याला तारण नाही असं विधवेच्या देखत म्हणणारा उपदेशक, ही श्रद्धेची बाजू नव्हेच. त्याला श्रद्धावंतांनीच थांबवायचं असतं, आणि सिस्टरनी थांबवलं. नास्तिकाच्या रागाची इथं श्रद्धेला गरज आहे, कारण आतले लोक फार वेळा आदरापोटी गप्प बसतात. पण गुरुजींच्या उत्तरातही एक जागा मोकळी राहते. ज्याची माफी मागायची तो माणूसच उरला नसेल तर ती माफी कुठं न्यायची, याचं उत्तर विवेकवादानं अजून पुरेसं शोधलेलं नाही. आगरकरांसारखा विवेकवादी माणूस आपल्या अंत्यविधीचे पैसेही आधीच बाजूला ठेवून शांतपणे जाऊ शकला, १७ जून १८९५ला. पण ती शांतता स्वतःच्या मरणापुरती होती. दुसऱ्याच्या मरणानंतर मागे राहिलेल्या अपराधी मनाला ती उसनी देता येत नाही. या बाबतीत माझा कल गुरुजींच्या खरेपणाकडे आहे, आणि तरी त्या रात्री त्या घरात कुणी असावं म्हणाल तर सिस्टर असाव्यात असं मी म्हणेन. या दोन गोष्टी माझ्या मनात जुळत नाहीत. मी त्या जुळवून दाखवणार नाही.

आगरकर गेले त्याच वर्षी, चार महिने आधी, १० फेब्रुवारी १८९५ला नारायण वामन टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला होता. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हटलं. हा प्रवासी फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. याच मिशननं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काम केलं. अमेरिकेत १८६०मध्ये ही मंडळी वेगळी निघाली ती गुलामगिरीला आणि चर्चमधली बाकं श्रीमंतांना भाड्यानं देण्याला विरोध करून. गुरुजींना हा तपशील माहीत नव्हता आणि तो त्यांना आवडला.

सिस्टर : टिळकांनी शेवटी काय केलं ठाऊक आहे ना? १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येऊ शकत होते आणि न घेतलेलेही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांनी दार मोठं केलं.

गुरुजी : त्यांच्याही आधी जोतीरावांनी त्याहून मोठं केलं होतं. 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच घरातली बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे प्रेमानं राहतात, असं घर त्यांनी मांडलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, थॉमस पेन वाचला, बाबा पदमनजींसारखे स्नेही ख्रिस्ती झालेले पाहिले, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला नाही. मला त्या घरात राहायचं आहे. तुमच्या शिकवणीत ते घर मेल्यावर फुटतं. नवरा इकडे, मुलगी तिकडे.

सिस्टर : माझं घर जिवंतपणीच तसं आहे. माझी नात नागपूरला शिकते. म्हणते, आजी, मी काही मानत नाही. चर्चला येत नाही. तुमच्याच बाजूची आहे ती.

गुरुजी : मग तिचं काय? मुलगी चांगली आहे. खोटं बोलत नाही. ऐकलं नाही असंही नाही, सगळं ऐकून नाही म्हणाली. पोडावरच्या खापरपणजोबाची सबब तिला चालणार नाही. तुमचा देव तिला आत घेणार नसेल, तर तुम्हाला एकटीला जायचं आहे का तिथं?

सिस्टर : नाही.

गुरुजी : नाही म्हणजे?

सिस्टर : नाही म्हणजे नाही जायचं. मोशेनं देवाला हेच म्हटलं होतं. या लोकांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोड. पौलानं म्हटलं, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. आमच्या पुस्तकातली ही दोन मोठी माणसं लोकांसाठी आपलं तारण सोडायला तयार झाली, आणि देव त्यांच्यावर रागावला नाही. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. तिला ते माहीत आहे. ती म्हणते कर बाप्पा, तुला बरं वाटतं तर. मला बरं वाटावं म्हणून मी करत नाही. देवाशी भांडते मी तिच्यासाठी.

गुरुजी : हे तुम्ही मला सांगता. तुमच्या मंडळीत सांगाल?

सिस्टर : येत्या रविवारी माझी साक्ष आहे. तिथं सांगणार आहे. त्या बाईबद्दलही आणि नातीबद्दलही. तुम्ही या. मागच्या बाकावर बसा.

गुरुजी : येतो. पण प्रार्थनेला डोळे मिटणार नाही.

सिस्टर : मिटू नका. आणि संपल्यावर जे मला विचारलं ते तिथं मोठ्यानं विचारा. पुढे बसलेल्या बायांच्या मनातही तेच आहे. त्यांना कुणी विचारू दिलेलं नाही.